डोहातले भोकाचे पैसे

३ एप्रिल २००६, सोमवार

बी.पी. १६०/१००.

डॉक्टर म्हणाले, धम्मपालराव, राग आला की तोंड उघडू नका, वही उघडा. गोळ्या आहेतच. म्हणून ही डायरी. बेअरिंगच्या दुकानदाराने दिवाळीला दिलेली, तेव्हापासून रॉकेलच्या कॅनखाली पडली होती. आमची मंडळी म्हणाली, तुमच्या रागाला एक डायरी पुरणार न्हाय, दुकानदाराला आणि दोन सांगून ठेवा.

पण हे पहिलं पान रागाचं नाही. आज कारखान्याला सुट्टी, म्हणून आबांना गावाहून आणून डोळ्याच्या दवाखान्यात दाखवलं. काचबिंदू. उशीर झालाय म्हणाले. कडेचं दिसायचं गेलं, मधलं तेवढं उरलंय, नळीतनं बघितल्यासारखं. आणि ते पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही. आबा बाहेर बाकड्यावर बसले होते. त्यांना सांगितलं तर "बरं" म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आंधळा होणार म्हणून सांगितलं आणि तो "बरं" म्हणतो, जसं काय एसटी अर्धा तास लेट आहे.

स्टँडवर मी हात धरायला गेलो, तर झटकला. पायरी आहे म्हटलं, तर काठीनं ठोकून बघितली आणि मगच पाय टाकला. दुसऱ्याच्या सांगण्यावर ते पाऊल टाकत नाहीत. माझ्या तर नाहीच नाही.

५ एप्रिल, बुधवार

आज राग आहे. १५५/१००.

मालकांचा मुलगा राजवर्धन दुपारी माझ्या लेथजवळ आला. इंजिनिअर झालाय, पंचवीस वर्षांचा आहे, वागायला चांगला आहे, पण मालवणला जाऊन पाण्याखालचे मासे बघून आल्यापासून त्याला खूळ लागलंय. मुठीत मावेल एवढा डिजिटल कॅमेरा, त्याला वरून पारदर्शक पेटी, पाणी आत जात नाही. आता याला पाहिजे एक ट्रे. मधोमध कॅमेरा बसवायचा, दोन्ही बाजूला मुठी, आणि दोन हात, पाहिजे तसे वाकणारे, त्यांच्या टोकाला दिवे. परदेशी ट्रेचा फोटो कागदावर छापून आणला होता. किंमत डॉलरमध्ये. म्हणाला, "मामा, उद्यमनगरात काय हुईत न्हाय?"

मी म्हटलं, आम्ही तेलइंजिनाचे पार्ट काढलेली माणसं, आता ताटल्या करत बसायचं काय? तो हसला आणि कागद ठेवून गेला.

संध्याकाळी लोडशेडिंग झालं. अंधारात बसून तोच कागद डोक्यात फिरत राहिला. त्या हातांची गाठ कुठली असेल? खूळ सांसर्गिक आहे.

९ एप्रिल, रविवार

ट्रे केला. दहा एमएमची लोखंडी प्लेट, मुठी वीस एमएम बारच्या, वेल्डिंग असं मारलं की वर बैल बांधावा. मशीन शॉपमधल्या सगळ्यांनी हातात घेऊन बघितला आणि मान हलवली. राजवर्धनने उचलला आणि त्याचा खांदाच खाली गेला.

साडेपाच किलो भरला. म्हणाला, "मामा, मी परत वर कसं यायचं?"

खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोल्हापुरात वस्तू केली की ती तुटता कामा नये एवढंच आपल्याला माहीत. सोडून द्यायची वस्तू, पोहणारी वस्तू, आपण कधी केलीच नाही. उद्या सहा एमएम ॲल्युमिनियम. मुठींना सायकलच्या रबरी ग्रिप.

१२ एप्रिल, बुधवार

१४५/९५. आज नाद करायचा नाही.

दिव्यांची घरं केली. नायलॉनचा गोल रॉड, आत बोअर, पुढं जाड ॲक्रिलिकची चकती, झाकणाला पाणी अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगची खाच. खाच एकाच कटमध्ये मापात आली. दोन्हीत बॅटऱ्या पेटवून पाण्याच्या पिंपात सोडल्या आणि जेवून आलो. तासाभराने बघितलं तर पिंपाच्या तळाशी दोन दिवे तसेच जळत होते, आणि सगळं पिंप आतून उजळलं होतं. रोज हात धुतो ते पिंप. त्याच्या भिंतीवरचं शेवाळ हिरवं आहे हे मला आज कळलं.

मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. फोरमनने हाक मारली तेव्हा दचकलो.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंतीला गावी आलो. काल जोतिबाची यात्रा झाली, एसट्या अजून गुलालानं भरलेल्या, मलकापूरपर्यंत उभा. तिथून आत पाच किलोमीटर आमचं गाव.

मिरवणुकीआधी आबांजवळ बसलो होतो. बोलायला विषय नव्हता म्हणून ट्रेचं सांगितलं. ऐकत राहिले. मग एकदम म्हणाले, "मग त्यात भोकाचं पैसं दिसतील काय रं?" आणि लगेच दुसरं बोलायला लागले.

चौतीस वर्षांनी आबांच्या तोंडून ते शब्द आले. झोप येणार नाही, तेव्हा लिहूनच काढतो.

त्या काळी गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना चढू देत नव्हते. आमचं पाणी नदीतल्या डोहाचं. आबा डोहातच पोहायला शिकले, आणि असे शिकले की विहिरीत घागर पडली, पंपाचा फुटव्हॉल्व्ह अडकला, बंधाऱ्याच्या लाकडी फळ्या, बरगे, काढायचे झाले, की आबांनाच बोलावणं. पाणी शेंदायला विहीर बाटायची, बुडी मारायला बाटायची नाही. आबा हे हसत सांगायचे. मला हसू येत नाही, बी.पी. वाढतं.

तर आबा म्हणायचे, वैशाखात डोह थांबला की खाली भोकाचे पैसे पोहतात. इंग्रजांच्या वेळचा मधे भोक असलेला पैसा होता ना, तेवढे. काचेसारखे. उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. गावाने आबांचं नावच पैसेवाले ठेवलं. आमच्या घरात दोन वेळचं नाही, आणि रस्त्याने चालले की "पैसेवालं आलं!" मला शाळेत "पैसेवाल्याचं पोरगं."

बहात्तरच्या दुष्काळात डोह आटत आला तेव्हा गावातले हंबीरराव पाराजवळ म्हणाले, एक तरी आणून दाखव. तेव्हा ते तरणेबांड होते, कुस्त्या मारायचे. आबा खरंच गेले आणि आमच्या पितळी लोट्यातून पाणी घेऊन आले. पारावर लोटा ठेवला. सगळे लांबूनच वाकून बघून गेले. कुणाला काही दिसेना. मग हंबीरराव मला म्हणाले, "तुला दिसलं काय रं?"

मी बघितलं आणि म्हणालो, काय बी न्हाय. आमचं आबा लबाड बोलत्यात.

बारा वर्षांचं पोर. जे दिसलं ते सांगितलं. सगळे हसले, आबांनी लोटा उचलला आणि परत कधी पैशाचं नाव काढलं नाही. मीही कधी डोहात उतरलो नाही. पाणबुड्याचा पोरगा आणि पोहता येत नाही.

एवढं पुरे.

१७ एप्रिल, सोमवार

ठरवलं. आबांच्या नजरेची नळी बुजायच्या आत डोहाचा तळ त्यांना दाखवायचा. पैसे असतील तर असतील, नसतील तर नसतील. वैशाख लागायला थोडे दिवस राहिलेत, आणि पाऊस आला की डोह गढूळ. एवढ्याच फटीत काय ते.

राजवर्धनला भीत भीत विचारलं, कॅमेरा एक दिवस देता काय. तो म्हणाला, कॅमेरा कशाला, मीच येतो की.

२० एप्रिल, गुरुवार

१६५/१०५. ट्रेच्या हातांनी जीव खाल्ला.

सकाळी मिलिंग मशीनवर जॉब बघत होतो. कटरवर तो थंड ठेवणारं कूलंट पडत होतं आणि ऑपरेटरने एका बोटानं पाईप वळवला. तिथंच थांबलो. मण्यात मणी बसवलेला तो प्लास्टिकचा पाईप. जिकडं वळवाल तिकडं वळतो आणि तिथंच राहतो. इतकी वर्षं रोज बघतोय! परदेशी फोटोतला हात म्हणजे दुसरं काय आहे? स्टोअरमध्ये जुन्या मशीनचे दोन पाईप पडले होते, ते आणले, ट्रेला बसवले, टोकाला दिवे लावले.

आणि दोन्ही हात लोंबले. दुपारच्या सूर्यफुलासारखे माना टाकून. परत वर केले, परत खाली. दिव्यांचं वजन पेलत नाही. मी पाना फेकला. फोरमन म्हणाला, धम्मामामा, डायरी काढा.

आता लोखंडी सळीचे हात करायचे, नटबोल्टचे सांधे देऊन.

२३ एप्रिल, रविवार

सळीचे हात घरी आणून घासत बसलो होतो. जड. परत तेच साडेपाच किलोच्या वाटेला लागलो होतो. मंडळी भाकरी थापत विचारती झाली, त्या पहिल्या पाईपाला काय झालं. म्हटलं, वजनानं पडतोय. ती म्हणाली, "कुठं पडतोय? टेबलावर न्हवं? विहिरीतनं घागर वढताना पाण्यात हाय तवर तिचं वजन लागतंय काय? भाईर आली की खांदा जातोय."

मी हातातली सळी खाली ठेवली. मग ट्रे घेऊन मोरीतल्या टाकीत बुडवला. हात वर केले. राहिले. कडेला केले. राहिले. दिवे तरंगत तरंगत जिथं ठेवले तिथं थांबले, आणि आता कुठं ती वस्तू जिवंत वाटली, दोन्ही हात पुढं करून काहीतरी मागणाऱ्या पोरासारखी.

पाणी म्हणजे काय हे पाणबुड्याच्या पोराला बायकोनं भाकरी थापता थापता शिकवलं. सळीचे हात भंगारात.

१ मे, सोमवार

आज लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.

सकाळी आठला डोहावर. मी, राजवर्धन आणि आबा. आबांना कशाला जायचं ते सांगितलं नव्हतं, पण ट्रे हाताने चाचपून बघितला आणि चालायला लागले. कपारीजवळच्या दगडावर बसले. राजवर्धनने तोंडाला काच लावली, ट्रे घेतला आणि पाण्यात शिरला.

पाणी पांढरं झालं.

आधी मला कळेना. ट्रेच्या दोन्ही हातांतून दुधासारख्या धारा सुटल्या होत्या आणि पसरत होत्या. मग वास आला. कटिंग ऑइल! जुने पाईप, वर्षानुवर्षं मशीनवर राबलेले, प्रत्येक मण्यात तेल मुरलेलं. कूलंट त्याचंच करतात, ते पाण्यात गेलं की दूध होतं, हे मी पंचवीस वर्षं स्वतः कालवतोय. बाहेरनं पुसले होते. आतनं धुवायची अक्कल सुचली नाही. टाकीत बुडवले तेव्हा थोडा गढूळपणा आला होता, तर म्हटलं टाकीच घाण असेल.

राजवर्धनला ओरडून बाहेर काढलं. पण धारा कपारीपर्यंत गेल्या होत्या. आमच्या पाच पिढ्यांनी प्यालेलं पाणी. ज्यात कधी कुणी जाळं लावलं नाही, दारू उडवली नाही, त्या पाण्यात मी तेल सोडलं. पैसे असतील तर ते मेले असतील. मी त्या वाळूवर बसून रडलो. राजवर्धन तिकडं तोंड करून उभा राहिला.

आबांनी विचारलं, काय झालं. सांगितलं. त्यांनी पाण्यात हात घालून नाकाशी धरला आणि म्हणाले, "वाटीभर असंल. डोह मोठा हाय. दम धर."

३ मे, बुधवार

पाईपचा एक एक मणी सुटा केला. चाळीस मणी. कपड्याचा साबण, गरम पाणी, दात घासायचा ब्रश. मंडळी पण बसली. रात्री पांढऱ्या बशीत पाणी घेऊन एक एक मणी बुडवून बघितला. स्वच्छ.

१५ मे, सोमवार

परवा बुद्धपौर्णिमेला गावी आलो तो राहिलोच, रजा टाकली. आज राजवर्धन मोटरसायकलवरून आला.

डोह निवळला होता. तेलाचा वास नाही. काठाला बारके मासे बघितले तेव्हा मला श्वास आला.

राजवर्धन चार वेळा खाली गेला. वर आला की डोकं हलवायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो एकसारखे, सगळीकडं पांढरे ठिपके, पीठ उधळल्यासारखे. कण चमकतात, त्यांच्यामागचं काही दिसत नाही. चौथ्या वेळी तो कान धरून वर आला. आत दुखतंय म्हणाला, डोळ्यातनं पाणी. आता महिनाभर तरी त्याने बुडी मारू नये. झालं, संपलं. मी ट्रे पिशवीत घालायला लागलो.

आबांनी विचारलं, दिवं कुठं धरलं होतं. मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूला, सरळ पुढं. ते म्हणाले, "तोंडावर उजेड मारू नगो. त्ये काचंचं हाय, त्यातनं आरपार जातोय. मी सकाळचं ऊन कपारीतनं आडवं शिरतंय तवाच बघायचो. दिवं लांब धर, बाजूनं."

राजवर्धन कान धरूनच म्हणाला, मामा, हे पुस्तकातलं आहे, पण मी विसरलो. आबांनी कुठलं पुस्तक वाचलंय? आणि हात वाकतात ते कशासाठी वाकतात, हे ते केलेल्या मला आज समजलं. दोन्ही बाजूंना पार लांब केले, आणि टोकं आत वळवली.

पण बुडी कोण मारणार?

१९ मे, शुक्रवार

१५०/९५. मंडळीला सांगितलं, मी उतरणार. ती उठली. शेजारून गोडेतेलाचे दोन रिकामे पाच लिटरचे डबे घेऊन आली आणि दोरीनं एकमेकांना बांधले. पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसे.

ढग जमायला लागलेत. पेपरात लिहिलंय यंदा पाऊस लवकर.

२२ मे, सोमवार

हे आजच लिहायला पाहिजे.

सकाळी साडेसात. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पाठीला दोन डबे, तोंडाला काच, तोंडात श्वासाची नळी. राजवर्धन काठावर. माझ्या कमरेला दोर आणि दोराचं टोक आबांच्या हातात. मी म्हटलं, झाडाला बांधूया. आबा म्हणाले, झाडाला कळत न्हाय.

पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला सांगू. पाण्यात गेलो, डबे वर आले, मी पालथा झालो, तोंड खाली घातलं. पहिल्यांदा फक्त माझा श्वास ऐकू आला. मग डोळे उघडले.

खाली घर होतं. मला दुसरा शब्द सापडत नाही. कपारीच्या भिंती, त्यांच्यावर उजेडाच्या पट्ट्या, आणि खाली खाली जात गेलेला निळाहिरवा काळोख, शांत. ह्या पाण्याच्या काठावर मी जन्मलो, ह्याचं पाणी प्यायलो, आणि वरनं बघून म्हणत होतो की हे डबकं आहे. मला भीती वाटायची थांबली. आपण किती लहान आहोत असं वाटलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

दिवे लावले. हात लांब केले. काही नव्हतं. किती वेळ कोण जाणे. दोराला एकदा हलका हिसका आला, आबांनी विचारल्यासारखा. मी एक हिसका परत दिला.

आणि मग दोन दिव्यांच्या मधल्या अंधारात एक गोल कड उमटली. रुपयापेक्षा लहान. काचेची. मधे गोल भोक, कडेला केसाहून बारीक झालर, तिच्यावर दोन्ही दिवे ठिपका ठिपका होऊन चमकत होते. ती मिटली. उघडली. वर आली. तिच्यामागं दुसरी. मग मी मोजायचं सोडलं. सगळा डोह उघडत होता आणि मिटत होता, कुठं आवाज नाही, घाई नाही. मी कारखान्यात मायक्रोमीटरने मोजणारा माणूस, इतका मापात केलेला गोल मी कधी काढला नाही. एक माझ्या बोटाला लागून गेली. लागल्याचं कळलंही नाही. काचेच्या आत माझे डोळे भरले आणि पुसता येईनात.

बटण दाबत राहिलो.

बाहेर आल्यावर दात वाजत होते. राजवर्धनने पडदा बघितला आणि "आयला" एवढंच म्हणाला. कॅमेरा आबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, इकडं नेला, तिकडं नेला, नजरेच्या नळीत बसेपर्यंत. मग हात थांबला.

"हां," म्हणाले. "ह्योच."

आता जे लिहायचं ते लिहितो. चौदा एप्रिलच्या पानावर मी लबाड लिहिलंय. बहात्तर साली मला दिसलं होतं. मी बुटका, लोट्याच्या कडेला माझं तोंड, ऊन माझ्या कानाजवळनं आडवं आत शिरत होतं. मोठी माणसं वरनं बघून गेली, त्यांना पितळेचा तळ दिसला. मला ती कड दिसली. मिटली आणि उघडली. आणि तेवढ्यात मागनं कुणीतरी हसलं, "पैसेवाल्याचं पोरगं बी पैसं बघतंय." मी वर बघितलं. सगळी तोंडं माझ्याकडं. आणि मी म्हणालो, काय बी न्हाय.

डायरीशीसुद्धा मी खोटं बोललो होतो. आज बी.पी. मोजलं नाही.

२५ मे, गुरुवार

राजवर्धनने फोटो कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना ईमेल केला. उत्तर आलं. गोड्या पाण्यातला जेलीफिश. सह्याद्रीतल्या नद्यांत असतो, पावसाआधी थोडे दिवस वर येतो, फार थोड्यांनी बघितलाय. कुणी शोधला म्हणून विचारलंय.

मी राजवर्धनला म्हटलं, आबांचं नाव लिहा, बाबासो. साल विचारलं तर पन्नासच्या आधीचं.

स्टुडिओतून मोठी प्रिंट काढली. ताटाएवढी. सोमवारी पारावर नेणार. चौतीस वर्षं दम धरलाय, आता तोंडं बंद करतो एकेकाची.

२९ मे, सोमवार

आबा म्हणाले, ऱ्हाऊ दे, हसणारी निम्मी वर गेली. मी ऐकलं नाही. त्यांना घेऊनच गेलो, काठी ठोकत ठोकत आले.

पारावर हंबीरराव होते. आता सत्तरीचे, गुडघे गेलेत, पण आवाज तसाच. आणखी सात-आठ जण. मी प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, आबांचे पैसे. सगळे वाकले. हंबीररावांनी चष्मा वर-खाली करून बघितलं.

"झ्याक हाय," म्हणाले. "पर ह्ये आता कंप्युटरवर करत्यात. माझ्या नातवानं माझं मुंडकं गामा पैलवानाच्या धडावर बशिवलंय."

सगळे हसले. तसंच. तेच हसणं. दोन महिन्यांची मेहनत, चाळीस मणी, तेल, डबे, सगळं त्या एका वाक्यात गेलं. माझ्या कानात घण पडायला लागले. प्राध्यापकाचं सांगावं तर ते म्हणाले असते, कुठला प्राध्यापक. फोटोनं काही होत नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

मग हंबीरराव माझ्याकडं बघून म्हणाले, "फोटू ऱ्हाऊ दे रं. तुला दिसलं काय रं?"

शब्द न् शब्द तोच. त्यांना आठवत नसावं. आबा काठीवर हात ठेवून खाली बघत होते.

"व्हय," मी म्हणालो. "दिसलं. दोनदा. एकदा गेल्या सोमवारी डोहात. आणि एकदा बहात्तर साली, हितंच, आमच्या लोट्यात. तवा मी तुमास्नी भिऊन लबाड बोललो. आबा न्हाई."

ओरडायला गेलो होतो, पण आवाज हळूच निघाला. कुणी हसलं नाही. हंबीररावांनी परत एकदा फोटो बघितला, या वेळी चष्मा काढून. मग धोतराच्या सोग्यानं वरची धूळ पुसली आणि माझ्या हातात न देता आबांच्या हातात दिला.

परत येताना अंधारून आलं होतं, वारं सुटलं होतं. मला राहवेना. म्हटलं, आबा, तुमास्नी तवा कळलं न्हवतं?

"कळलं हुतं की. लोट्यावरनं तोंड वर काढलंस तवाच कळलं. डोळं कुठं झाकत्यात?"

"मग बोलला का न्हाई?"

ते दोन-चार पावलं चालले. "पैसेवाला मी एकला हुतो त्ये बरं हुतं. तू व्हय म्हणला असतास तर तू बी झाला असतास. दुसऱ्या दिशी त्याच पोरांत तुला शाळंला जायाचं हुतं."

आबांनी काठी काखेत मारली, एका हातात फोटो धरला आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला. आमच्या वस्तीची वाट सगळी दगडाधोंड्यांची. मी "दगड" म्हणायचो, आणि ते पाय उचलायचे.